घोड्याच्या शेपटीचा केस

हे अजून माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. आईला सांगितलं नाही, बायकोला नाही, देवापुढे हात जोडून उभा राहिलो तेव्हा त्यालाही नाही. त्याला ठाऊक असेल तर असो, मी होऊन सांगितलं नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, धुरपतामावशीला ओळखत नाही, म्हणूनच असेल. ओळखीच्या माणसाला सांगायला गेलो की जीभ टाळ्याला चिकटते. दोनदा तसं झालंय.

परवा जिंतूरला न्हाव्याच्या दुकानात बसलो होतो. मी इथं कापसाच्या जिनात कामाला आहे, सुट्टीच्या दिवशी दाढीला जातो. तोंडाला साबण लागलेला. शेजारी बसलेले एक गुरुजी पेपर मोठ्यानं वाचत होते — दिल्लीच्या सरकारनं कायदा केलाय, मुक्या जनावराचे हाल केले तर शिक्षा. न्हावी वस्तरा थांबवून म्हणाला, म्हणजे आता बायकोनं नवऱ्याला बडवलं तर चालंल, बैलाला हात लावायचा न्हाई. सगळे हसले. मीही हसलो असेन. मग कुणीतरी विचारलं, बाजारात जनावरं दाखवून औषधं विकतात त्यांचं काय लिहिलंय? गुरुजी पेपर वरखाली बघत राहिले. ते उत्तर देण्याआधीच मी उठलो. अर्धी दाढी तशीच. न्हावी मागून हाका मारत होता, मी वळलो नाही.

उत्तर ऐकायला थांबायला हवं होतं. पण मला कुठलंही उत्तर ऐकवत नाही. त्या कायद्यात तसं कलम असलं तर वाटणार, मग तेव्हाच का झालं नाही? आणि नसलं तर — ते का नाही हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

जरा मागं जातो. एकदम सांगता येत नाही, रागावू नका.

मी कोकणातला. खाडीकाठचं गाव, वडील गळ टाकून मासे धरायचे. चौथीत शाळा सुटली. वडील गेले आणि आईनं मला पूर्णेच्या चुलतभावाकडे धाडलं, तो तिथं रेल्वेत होता. आगगाडी पहिल्यांदाच बघितली. पूर्णेला उतरलो तर भावाची बदली झालेली — कुठं, ते कुणाला नीट सांगता येईना. निजामाचं राज्य जाऊन फार दिवस झाले नव्हते. स्टेशनवर अर्धं उर्दू, अर्धं माझ्या कानाला नवं मराठी. "कुठं जायलास?" असं हमालानं विचारलं तर मला वाटलं, दरडावतोय. फलाटावरच तापानं पडलो. माणसं मला ओलांडून जात होती, त्यांची चूक नाही, त्यांना गाड्या धरायच्या होत्या.

मला उचललं ते अण्णांनी. अण्णा तेल विकायचे. स्टेशनामागं त्यांची खोली, तिथं त्यांनी मला निजवलं. जोंधळ्याच्या कण्या शिजवून भरवल्या, घाण काढली. सख्खा मुलगा असल्यासारखं — नाही, हे लिहिताना सांभाळलं पाहिजे. अण्णा वाईट होते असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. त्यांनी मला वाचवलं. आईला माझ्याकडून पत्र लिहवून घेतलं, की मुलगा औषधाच्या धंद्यात लागलाय, काळजी करू नका. आईनं ते पत्र गावभर वाचून घेतलं असं नंतर कळलं. मी अण्णांचं अन्न खाल्लंय. आजही भाकरी मोडताना कधीकधी पहिला घास त्यांच्या नावानं गिळतो. म्हणून तर हे सगळं अवघड आहे.

तेल म्हणजे करडईचं तेल. त्यात कापूर, ओव्याचा अर्क आणि लाल रंगाला रतनजोत. सांधे धरले, पाय मुरगळला, वात आला, सगळ्यावर ते एकच. बाटलीच्या कागदावर उडी मारणारं हरीण. त्या तेलानं कुणाचं नुकसान होत नव्हतं. चोळलं की ऊब यायची, तेवढंच.

पण लोकांनी ते घ्यावं कसं? परभणीकडच्या बाजारात बाहेरच्या विकणाऱ्यावर कुणी चटकन विश्वास टाकत नाही. समोर उभं राहून चार टोमणे मारतील, "आधी स्वतःच्या टकलाला लावा, मालक" म्हणतील, आणि भजी खायला निघून जातील. अण्णा म्हणायचे, "कोकण्या, माणसाची साक्ष इकत मिळते. जनावराची मिळत न्हाई." जनावर खोटं बोलत नाही, हे इथल्या प्रत्येकाला माहीत. तेही गावातलंच पाहिजे. आपण बरोबर आणलेलं जनावर शिकवलेलं म्हणतील. ज्याला सगळा बाजार ओळखतो अशा माणसाचं जनावर लंगडत आलं, आणि सगळ्यांदेखत चालत गेलं, की बाटल्या पुरत नाहीत.

तर ते जनावर लंगडत यायचं कसं?

इथंच मी आहे.

वडिलांनी मला गळाची गाठ शिकवली होती. ओढ बसेल तशी ती आवळत जाते, आणि मोकळं टोक हिसकलं की क्षणात सुटते. अण्णांनी एकदा मला पिशवीचं तोंड बांधताना बघितलं. परत बांध म्हणाले. मग टांगेवाल्याच्या काळ्या घोड्याच्या शेपटीचा एक केस आणून म्हणाले, ह्याला जमंल का? जमलं. शाबासकी दिली त्यांनी. मला ती फार दिवसांनी मिळाली होती कुणाकडून.

इकडच्या शेळ्या काळ्याभोर. काळ्या पायावर काळा केस, खुराच्या वर, घोट्याच्या खाली. बोटानं चाचपलं तरच लागतो. बाजाराच्या आदल्या दिवशी मी जवळपासच्या वस्तीवर, धनगरांच्या मेंढवाड्यावर पाणी मागायला जायचो. परमुलखातलं पोर बघून बाया बसवून घ्यायच्या. शेळीला कुरवाळता कुरवाळता केस बसवायचा. सकाळपर्यंत पाय सुजून शेळी लंगडायला लागायची. जाताजाता मी सांगून ठेवलेलं असायचं, उद्या बाजारात तेलवाले येणार आहेत, जनावरालाही चालतं. मालक स्वतःच शेळी घेऊन यायचा. अण्णा तेल चोळता चोळता टोक हिसकायचे, केस मुठीत. थोडी चोळाचोळ, थोडं बोलणं, तोवर पायात रक्त उतरायचं. शेळी चालायची. मालकाच्या डोळ्यांत पाणी. तो खोटं बोलत नव्हता. म्हणूनच तर सगळे त्याचं ऐकायचे.

मला वाईट वाटायचं का? तेव्हा — खरं सांगू? — थोडं वाटायचं. पण केस सुटायचा, शेळी चरायला जायची, काही उरायचं नाही. मी स्वतःला हेच सांगायचो. काटा मोडला तरी शेळी लंगडतेच की.

राणीसावरगावच्या बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मी धुरपतामावशीच्या मेंढवाड्यावर गेलो.

गावापासून जरा लांब, ओढ्यापलीकडे काटेरी कुपाटी घातलेला वाडा. मावशी म्हातारी, कपाळावर हिरवं गोंदण, आवाज मोठा. पोरं मेंढरं घेऊन लांब चरणीला गेलेली, ती चार शेळ्यांवर मागं राहिलेली. मी पाणी मागितलं तर म्हणाली, पाणी तर ओढाबी देतो, माझ्या दारात येऊन पाणी काय मागतोस. आई कुठं हाय, बाप कशानं गेला, कोकणात भाकरी मिळती का नुसता भातच, सगळं विचारून घेतलं. कुणी आईबद्दल इतकं विचारलं नव्हतं मला. मी बोलत सुटलो. मग ती लोटा घेऊन शेळीपाशी बसली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली शेळी होती, तिला ती चंदी म्हणायची. चंदी नवी व्यालेली, धार काढू देत नव्हती. मावशी म्हणाली, "लेकरा, मागला पाय धर जरा. लय नाचायलीय ही."

मी पाय धरला.

मावशीचं डोकं शेळीच्या कुशीला टेकलेलं, तिला माझे हात दिसत नव्हते. मी तिथंच खिशातला केस काढून बांधायला घेतला. चंदी थरथरत होती, धारेचा आवाज मंद होत आलेला, लोटा भरत आला होता. मी घाई केली. टोक फासातून एकदा काढायचं ते दोनदा गेलं. बोटांना तेव्हाच कळलं. ती सुटायची गाठ राहिली नाही, ती नुसतीच आवळणारी झाली. सोडवायला वेळ लागला असता, तोवर मावशी उठली असती. मी हात काढून घेतला.

मावशीनं तो लोटा माझ्याच हातात दिला. फेस होता त्यावर. मी प्यालो सगळं.

दुसऱ्या दिवशी ती चंदीला घेऊन बाजारात आली. काल धडधाकट होती, रात्रीत काय झालं कळंना, म्हणत होती. मला बघून हसली. लोकांना सांगितलं, ह्या पोरानंच सांगितलं म्हणून आले, लय गुणाचं लेकरू हाय. अण्णांनी चोळायला घेतलं. त्यांचं बोट टोक शोधत होतं. हिसकलं, टोक तुटून हातात आलं, फास तसाच राहिला. अण्णांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मग आवाज चढवून म्हणाले, हे दुखणं जुनं आहे, आत मुरलंय, सकाळ-संध्याकाळ तेल चोळा, वरून फडकं बांधा, वारा लागू देऊ नका. बाटली फुकटच दिली. मावशी सगळ्या बाजारासमोर म्हणाली, अजून लंगडायलीय, पण माझा भरवसा हाय. तिच्या भरवशावर तिच्या भावकीनं बाटल्या घेतल्या.

एवढ्यावर थांबवता आलं असतं. ऐका — एवढ्यावर सगळं थांबवता आलं असतं! "मावशी, पायात काही गुंतलंय का बघा," एवढं म्हणायचं होतं. खरं सांगायचीही गरज नव्हती. आमचा गाडीवान बैल जुंपत होता, मावशी शेळी खांद्यावर घेऊन अजून वेशीपर्यंतही गेली नव्हती. चार ढांगांचं अंतर. मी बाटल्यांची पेटी बांधत बसलो.

पुढच्या मुक्कामावर मी अण्णांना म्हटलं, जाऊन केस कापून येऊ का? ते ओरडले नाहीत. हळू विचारलं, गेलास तर काय सांगशील? तरी एक दिवस निघालो. ओढ्यापर्यंत गेलो. पलीकडून धूर दिसत होता, कुत्री भुंकली. खिशात पातं होतं. मी बाभळीखाली बसलो, आणि ऊन उतरल्यावर परत आलो. कशाला घाबरलो? म्हातारी मारणार होती का मला? ती दूध देईल, आईचं विचारील, ह्याची भीती वाटली.

आणि ती तिकडे काय करत होती माहीत आहे का? सांगितल्याप्रमाणे करत होती. सकाळ-संध्याकाळ तेल. वरून फडकं. वारा लागू दिला नाही. सूज वर येत गेली, केस मांसात उतरत गेला, आणि ती आणखी मायेनं चोळत गेली. पायाला वास यायला लागला तेव्हा तिनं फडकं बदललं. शेवटी खूर काळा पडून घोट्यापासून गळून गेला. तेव्हा तिला केस दिसला.

हे मला नंतर कळलं, गंगाखेडला. सगळ्यांसमोर.

त्या दिवसांत एक आमदार साहेब बाजारोबाजार हिंडत होते. किडकिडीत, खादीतले. त्यांना हैदराबादच्या असेंब्लीत कायदा मांडायचा होता, की जनावराला इजा करून किंवा दुखवलेलं जनावर लोकांपुढं उभं करून कुणालाही औषध विकता येऊ नये. कुणी कुत्र्याला साप चाववून दाखवतं, कुणी घोरपडीचं कंबरडं मोडून तेल काढतं, असलं त्यांनी ऐकलं होतं. पण ऐकीव गोष्टीवर कायदा होत नाही, म्हणत, हातात धरता येईल असं काही दाखवा. म्हणून गंगाखेडच्या डाकबंगल्यावर लोकांना बोलावलं. तेल विकणारे म्हणून अण्णांना बोलावलं, अण्णांबरोबर मी.

व्हरांड्यात टेबल. आमदार साहेब, ढोरांचे डॉक्टर, एक कारकून. अंगणात माणसं. बराच वेळ कुणी काही धड सांगेना. एकानं आपल्या सासूलाच औषधवाल्यानं फसवलं असं सुरू केलं तर डॉक्टर म्हणाले, सासू ह्या कायद्यात बसत नाही. लोक हसले. मग मागून वाट झाली आणि धुरपतामावशी आली. खांद्यावर चंदी. शेळी खाली ठेवली तर ती तीन पायांवर उभी राहिली. चौथा घोट्यापाशीच संपलेला.

मावशीनं कनवटीची चिंधी सोडली आणि टेबलावर ठेवली. आत केसाचा फास. सुकलेला, वाटाण्याएवढा.

"सायब, ह्यो केस पायात गुतला न्हाई, कुनीतरी बांधला. गाठ हाय त्याला. जनावर सोताच्या पायाला गाठ मारत न्हाई."

डॉक्टरांनी भिंगातून बघितलं. आमदार साहेब खुर्चीत पुढं सरकले. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या हातात काही आलं होतं, ते मला दूरवरून कळलं. त्यांनी विचारलं, बाजाराच्या आधी शेळी चांगली होती, ह्याला कुणी साक्षी आहे का?

मावशीनं अंगणभर नजर फिरवली आणि मला बघितलं. तिचा चेहरा उजळला. तिला माझा संशय नव्हता. तिला अण्णांचाही नव्हता, तिला कुणाचाच नव्हता, तिला फक्त कळत नव्हतं की हे झालं कसं.

"ह्या लेकराला इचारा," ती म्हणाली. "माझ्या वाड्यावर आलं होतं आदल्या सांजंला. ह्यानंच पाय धरला धार काढताना. चंदीचा पाय कसा होता, ह्याच्या हाताला ठावं हाय. हे खोटं बोलायचं न्हाई."

मला पुढं बोलावलं. अण्णा माझ्या बाजूला उभे होते, ते काहीच बोलले नाहीत. त्यांनी डोळ्यांनीही खुणावलं नाही, हे मी मुद्दाम लिहितो. मला फलाट आठवला. कण्या आठवल्या. आईनं गावभर वाचून घेतलेलं पत्र आठवलं. आणि आठवलं नसतं तर? तरी मी तेच बोललो असतो असं वाटतं. भीतीला कारण लागत नाही.

तुम्हाला ठाऊक असेल, चामखीळ पडावी म्हणून तिला घोड्याचा केस बांधतात. माणसाला बांधतात, जनावराला बांधतात. इकडे घरोघर. रक्त तुटतं आणि चामखीळ वाळून पडते. हे डॉक्टरांना माहीत होतं, आमदारांना माहीत होतं, अंगणातल्या प्रत्येकाला माहीत होतं.

मी म्हणालो, "शेळी तेव्हाच थोडी लंगडत होती. पायाला चामखीळ होती. मावशींनीच केस बांधला होता तिला. मला म्हणाल्या होत्या."

मग अंगणात कुणीतरी खुसखुसलं. एक जण म्हणाला, घ्या, घरचंच भूत. डॉक्टरांनी भिंग मिटलं आणि मावशीला समजावायला लागले — अशानं रक्त बंद होतं, जनावराला किती यातना होतात, तुम्ही अडाणी लोक आधी असले उपाय करता आणि मग दुसऱ्याला दोष देता. रागानं नाही, कळकळीनं बोलत होते. त्यांना शेळीची खरीच दया आली होती. आमदार साहेबांनी चिंधी उचलून मावशीपुढं सरकवली.

मला वाटलं, आता ती शिव्या देईल. ती ओरडेल, तळतळाट करील, माझ्या आईबापाला काढील. मी तयार होतो. देवाशपथ, मी वाट बघत होतो.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग शेळीच्या पायाकडे. आणि हळू म्हणाली —

"तू म्हनतोस तर असंल, लेकरा. मीच बांधला असंल. आता ध्यानात ऱ्हात न्हाई काई."

चिंधी परत कनवटीला लावली तिनं. चंदीला उचललं. जाताना शेळीच्या कानापाशी काहीतरी पुटपुटत होती. मला वाटतं, ती तिची माफी मागत होती.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर अण्णा म्हणाले, "उपकार फेडलास, कोकण्या." मला नवा सदरा शिवला. तो मी घातला. पुढे बरेच दिवस त्यांच्यापाशी राहिलो, मग न सांगता निघून आलो. घोड्याचे केस मात्र मी पुन्हा बांधले नाहीत — पण ह्यात मोठेपणा काही नाही, गंगाखेडनंतर अण्णांनीच ते बंद केलं, धोका नको म्हणून.

आमदार साहेबांचं ते कलम कुठं गेलं, नीट कळलं नाही. मसुद्यातून गाळलं म्हणत. मग हैदराबादचं राज्यच तुटलं, आम्ही मुंबई राज्यात आलो, ती असेंब्ली राहिली नाही. बाजारात तेलासाठी धरलेले सांडे म्हणजे जाडे सरडे, साप, लंगड्या शेळ्या दिसत राहिल्या. मी बघितल्या. मान फिरवून पुढं गेलो.

हे एवढंच असतं तरी मी गप्प राहिलो असतो कदाचित. पण गेल्या हंगामात जिनाबाहेर काही धनगर उतरले होते. त्यांच्यातल्या एकीचं करडू चामखिळींनी भरलेलं. मी सहज — सहज कसलं, जीभच तशी वळली — म्हटलं, केस बांधत नाही का तुम्ही? ती म्हणाली, न्हाई बाबा, आमच्यात बंद केलंय. सावरगावाकडची एक म्हातारी हाय, वाड्यावाड्यावर फिरून बायांना सांगती, मी केलं ते करू नका. तिच्यासंगं तीन पायांची शेळी असायची. ती मेली, तरी म्हातारी फिरायलीय. लोक येडी म्हणत्यात. सोताच्या हातानं सोताच्या शेळीचा पाय तोडला म्हणती, आन् रडती.

मी तिला चहा पाजला. आणखी काही विचारलं नाही.

म्हणजे मावशी तेव्हा मला सोडवायला तसं म्हणाली नव्हती. मी इतकी वर्षं तेच धरून होतो, की तिला कळलं असेल, पोर घाबरलंय, म्हणून तिनं पोटात घातलं. तसं नव्हतं. तिनं माझं खरं मानलं. तिच्या ध्यानात जे होतं ते तिनं पुसून टाकलं आणि मी दिलेलं लिहून घेतलं. तेव्हापासून ती ते वाहतेय. शेळीचा पाय एकदा गेला. तिचं हे रोज चाललंय.

जिंतूरहून परभणीला मोटार जाते. परभणीहून गंगाखेड, तिथून राणीसावरगाव. सकाळी निघालं तर सांजेच्या आत पोचता येतं. मला वाट माहीत आहे, ओढा माहीत आहे, बाभूळ माहीत आहे. गेल्या हंगामापासून मी गेलेलो नाही.

चंदीच्या पायाला चामखीळ नव्हती. पाय साफ होता, उबदार होता, माझ्या हातात थरथरत होता. केस मी बांधला. मावशी धार काढत होती, आणि ती धार माझ्यासाठी होती.